पेन्सिलीची रेघ

निवृत्त होऊन चार महिने झाले. 34 वर्षं मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नर्स होते. पहिला आठवडा झोपेत गेला. मग एका पहाटे साडेचारला जाग आली आणि उठून करायचं काय, तेच सुचेना. एवढं केलं, त्याचं झालं काय? सकाळी खाट रिकामी व्हायची, संध्याकाळी भरायची. आयुष्यभर हेच.

चर्चच्या मंडळीतली एक बहीण म्हणाली, "ताई, सगळं देवाच्या योजनेत असतं." प्रेमानेच म्हणाली. पण खचलेल्या माणसाला हे वाक्य इतक्या घाईने देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पवित्र शास्त्रही अशी घाई करत नाही.

त्या पहाटे मी पपांचं बायबल काढलं. पपा लालबागला राहायचे, गिरणीत साचे चालवायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि पपांचं कामही परत आलं नाही. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्यांची पेन्सिलीची रेघ आहे, मागच्या पानावर उमटावी इतकी दाबून ओढलेली. माणूस एवढे कष्ट करतो, त्यात त्याला लाभ काय?

हा प्रश्न शास्त्रातच आहे, कुणी तो अविश्वासाचा म्हणून खोडला नाही, याचा मला फार आधार वाटला. तिथे 'व्यर्थ' म्हणून जो शब्द आपण वाचतो तो मूळ हिब्रूत 'हेबेल'. वाफ, श्वास. (पंडिता रमाबाईंनी हिब्रू, ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणलं, त्या कष्टांचं मोल अशा एका शब्दापाशी कळतं.) श्वास मुठीत धरता येत नाही, पण म्हणून तो खोटा कसा? मी तर 34 वर्षं माणसांचे श्वासच मोजले.

अकराव्या अध्यायात दुसरी रेघ आहे. आपली भाकर पाण्यावर सोड, पुष्कळ दिवसांनी ती तुला सापडेल. संपात आमच्याकडे पीठ वाटीने मोजलं जायचं, तरी आई शेजारच्या काकूंना एक वाटी द्यायची. काकूंच्याही घरी पगार बंद. पुढे माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाला पैसे कमी पडले तेव्हा याच काकूंनी हातातली पाटली गहाण ठेवली. त्या रात्री पपा काही बोलले नाहीत, नुसते रडले.

तरी उपदेशक मरणापाशी येऊन अडतो. तिथून पुढे मला येशूचा प्रेषित पौल याने नेलं. हा तंबू शिवून पोट भरणारा माणूस. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात तो पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांच्या पुन्हा उठण्यावर, बोलत राहतो आणि शेवटच्या, 58 व्या वचनात सांगतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. व्यर्थ! मराठीत तोच शब्द. मी वाचता वाचता थांबले. रात्री दोन वाजता ज्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं अशा म्हाताऱ्याचं तोंड मी पुसलं होतं. पहाटे तो गेला. ते पुसणं कुठल्या रजिस्टरात नाही. पण येशू खरोखर उठला आहे, मग तो म्हाताराही त्याच्यापाशी हरवलेला नाही आणि ती रात्रही नाही. हे मी मनापासून मानते.

त्या वचनाखाली पपांची रेघ नाही. मी पेन्सिल शोधून ओढली. मग उजाडल्यावर बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि लालबागला काकूंकडे गेले. त्या आता नव्वदीला आल्यात, सकाळची गोळी विसरतात.