नुसतं ‘सॉरी म्हण’ म्हणून भांडण मिटत नाही

वर्गात दोन पोट्ट्यांची जुंपली की आपण मोठी माणसं काय करतो? दोघांना ओढून वेगळं करतो, ‘चल, सॉरी म्हण’ म्हणतो, हात मिळवायला लावतो. भांडण तिथं मिटत नाही. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपाशी किंवा रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते पुन्हा पेटतं.

मी इथे नागपुरात आठवी-नववीला शिकवते. या वयात भावना उसळतात जोरात आणि त्यांना आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणून ‘एवढं कळत नाही का बे?’ असं ओरडून उपयोग नाही. कळतं त्यांना, ऐन रागात थांबता येत नाही. ते सरावानंच येतं, आणि सराव कोणी करून घेत नाही.

असा सराव करून घेणारी एक रीत फुटबॉलमध्ये आहे. १९९४ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला. कोलंबियात परतल्यावर मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच शहरात पुढे फुटबॉलची एक वेगळी पद्धत रुजली. आज तिला ‘फुटबॉल थ्री’ म्हणतात. रेफरी नसतो. खेळाआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. फाऊल झाला तर आपसात बोलून सोडवतात. खेळ संपला की पुन्हा बसतात आणि समोरचा संघ कसा वागला याचे गुण देतात. निकालात ते गुणही धरतात! मुलांना वाद घालायची रीत शिकवायला याहून चांगलं मला काही दिसत नाही. आणि आपल्याच शहरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. मग आपल्या शाळांना हे अवघड का वाटावं?

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. रंगावरून, जातीवरून एकाच पोराला रोज छळणं म्हणजे भांडण नव्हे. तिथं छळणाऱ्यासमोर त्याला समेटाला बसवू नका. तिथं मोठ्यांनीच मध्ये पडायचं आणि छळ थांबवायचा.

बाकीच्या भांडणांसाठी आठवड्यातला पीटीचा एक तास पुरे. पुढच्या पालकसभेला गेलात की मार्कांच्या आधी विचारा, पीटीचा तास खरंच होतो की तोही गणिताला जातो?