लिफाफा क्रमांक एक

पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत ज्याची उमर गेली, तो घरात मिक्सर घ्यायचा झाला तरी आधी तुलनात्मक तक्ता करतो. त्यामुळं "निवृत्तीनंतर परदेशात जाऊन स्वस्तात राहायचं" हे खूळ आमच्याकडं शिरलं, तेव्हा मी पासपोर्ट शोधला नाही. फुलस्केप आडवा धरला आणि रेघा मारल्या. अनुक्रमांक, देशाचे नाव, घरभाडे, किराणा, भाजीपाला, दवापाणी, प्रवास, किरकोळ, एकूण, शेरा.

खूळ पाठवलं भाच्यानं, मोबाइलवरून. थायलंडातलं चियांग माई, मागं हिरवा डोंगर, पुढं शहाळं आणि मधे अर्ध्या चड्डीतले एक अमेरिकन आजोबा. महिन्याचं सगळं भागवून पैसे उरतात, असं ते हसत हसत सांगत होते. आमची ही माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बघा, माणसं रिटायर होऊन कुठं कुठं जातात. तुम्ही आमराईत जाता."

आमराई म्हणजे सांगलीची बाग. सकाळी तिथं आमचा कट्टा भरतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक बँकवाले, एक एसटीवाले आणि मी. देश सोडून जाण्याइतकं आमराईनं माझं काही वाकडं केलेलं नाही. पण हिची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. २०१९ च्या पुरात आमच्या इमारतीचं पार्किंग आणि तळमजला पाण्यात होता. तेव्हापासून जुलै लागला की ही चहाच्या आधी आयर्विन पुलाची पातळी विचारते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे तिला तोंडपाठ आहे. "जिथं पाण्याची पातळी विचारावी लागत नाही असा कुठलाही देश चालेल," असं तिनं सांगितलं. याला आमच्या खात्यात 'तत्त्वतः मंजुरी' म्हणतात.

आता दर कुठून आणायचे? नोकरीत दरसूची वरून छापून यायची, तिच्यावर शंका घ्यायची पद्धत नव्हती. इथं एक संकेतस्थळ सापडलं. जगभरातल्या शहरांचे भाव, ते सुद्धा लोकांनीच येऊन भरलेले. न्यूयॉर्क म्हणजे १०० आणि बाकी समस्त मानवजात त्याच्या खाली-वर. त्यांची टोपली उघडली. दूध, तांदूळ, अंडी, कांदा, टोमॅटो, इथवर आपलीच माणसं. पुढं एक गड्डा लेट्यूस, एक किलो चीज, मध्यम प्रतीच्या वाइनची बाटली, वीस सिगारेटींचं पाकीट, कॅपुचिनो, ब्रँडेड जीन्स आणि शनिवार-रविवारी टेनिसच्या कोर्टाचं तासाचं भाडं.

हिनं चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"तूरडाळ कुठाय?"

"नाही."

"शेंगदाणे? गूळ? चुरमुरे?"

"नाहीत."

"कढीपत्ता?"

"अगं, कढीपत्ता भाजीवाला असाच टाकतो."

"आपला टाकतो. त्यांचा टाकेल?" मग जरा थांबून, "आणि टेनिस कोण खेळणारय? तुम्ही?"

म्हणून मग मी आमचं स्वतःचं दरपृथक्करण केलं. टेनिस काढून तिथं धुणंभांडं घातलं. वाइनच्या जागी गॅस सिलिंडर. कॅपुचिनोच्या जागी दोघांचा दोन वेळचा चहा. जीन्स कापली, कारण निवृत्तीला खात्यानं दिलेली सफारी अजून नवी आहे. प्रवासाच्या रकान्यात मात्र हिनं स्वतः लक्ष घातलं. २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचं निम्मं तिकीट आहे. ज्येष्ठ म्हणून निम्मं मिळायला पासष्ट पूर्ण लागतात आणि मी अजून त्यात बसत नाही. त्यामुळं मिरजेला निघालो की दोघांत महाग प्रवासी मी. "पोर्तुगालमध्ये बायकांना निम्मं आहे का, तेवढं बघा," ती म्हणाली. ही सवलत तिला इतकी लागू पडली आहे की ती पूर्ण तिकिटाच्या देशात जाईल असं मला वाटत नाही.

भाव भरले. तक्ता सुंदर दिसत होता. चियांग माईचं एक खोलीचं घर आपल्या पुण्यातल्या भाड्याच्या आगेमागे बसत होतं, भाजीपाला सोसेल असा, आणि माझ्या ५२ हजारांच्या पेन्शनीत सगळं ओढूनताणून मावत होतं. मी तो कागद घेऊन ऐटीत कट्ट्यावर गेलो.

ज्यांनी निविदा हाताळलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ठेकेदार दोन लिफाफे देतो. क्रमांक एकमध्ये त्याची पात्रता असते: नोंदणी, उलाढाल, बयाणा रक्कम. क्रमांक दोनमध्ये दर. लिफाफा एकमध्ये जो नापास, त्याचा दोन नंबरचा उघडतच नाहीत, मग आत त्यानं काम फुकट करून द्यायचं लिहिलेलं असलं तरी. मी सगळ्या देशांचे दोन नंबरचे लिफाफे उघडून बसलो होतो. बँकवाल्यांनी तक्ता बघितला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, व्हिसाचा रकाना?"

थायलंडचा निवृत्ती व्हिसा घ्यायचा तर वय पन्नास किंवा त्याच्या वर हवं. तिथं मी प्रावीण्यासह उत्तीर्ण. पुढची अट: तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवा, नाहीतर महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. २०२५ च्या भावानं आठ लाख बाट म्हणजे एकवीस-बावीस लाख रुपये आणि पासष्ट हजार म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे पन्नास हजारांत राहता येईल अशा गावात राहायला महिन्याला पावणेदोन लाख मिळवणारा माणूस लागतो. पावणेदोन लाख मिळवणारा माणूस सांगलीत राहिला तर त्याचा सत्कार करतील!

शिवाय अनामतीवर अनामत. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर रक्कम अशी बाहेर पाठवली की वरच्या भागावर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधीच कापून घेते. बँकवाल्यांनी कट्ट्यावरच बोटं मोजून सव्वादोन लाखांच्या वर आकडा काढला. "रिटर्न भरलं की हिशेबात परत मिळतात," ते म्हणाले. 'परत मिळतात' हे शब्द मी सदतीस वर्षं ठेकेदारांना ऐकवत आलो. ऐकणाऱ्याच्या बाजूनं ते कसे लागतात हे पहिल्यांदा कळलं.

पोर्तुगालचं प्रकरण आणखी लवकर निकाली निघालं. पेन्शनवर जगणाऱ्यांसाठी त्यांचा डी-७ नावाचा व्हिसा आहे. निदान तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न लागतं. २०२५ साली ते ८७० युरो होतं. बायकोसाठी त्याच्या निम्मं आणखी. दोघांचे झाले १,३०५ युरो, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. पोर्तुगालच्या हिशेबानं महाराष्ट्र शासनाचा निवृत्त लेखाधिकारी किमान वेतनातसुद्धा बसत नाही. हे मी हिला सांगितलं नाही. तिनं ते माझ्या तोंडावरून वाचलं, आणि उलट म्हणाली, "तरी बायकोचं निम्मं धरतात ना? म्हणजे सवलत आहे."

तिथं एक दार किलकिलं होतं. गोव्यात १९६१ च्या आधी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं आणि कितीतरी गोंयकारांनी ते घेतलंही आहे. हिचे आजोबा बांद्याचे. बांदा म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं टोक, पुढं पत्रादेवी आली की गोवा. पणजीबाईंनी बाळंतपणाला जरा पुढं जायचा विचार केला असता तर आज आम्ही लिस्बनला असतो. हिला हे ऐकवलं तेव्हा तिनं बांद्याच्या घराच्या वाटणीचा विषय काढला, आणि तो दिवस संपला.

नेपाळला व्हिसाच लागत नाही. मास्तर नेपाळच्या बाजूचे. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा भाव १९९३ पासून हललेला नाही. "साहेब, तुमचे ५२ हजार सोनौलीची कमान ओलांडली की ८३,२०० होतात. बसल्या जागी! सातवा, आठवा, कुठलाच आयोग लागत नाही." मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळं उत्तर बरोबर होतं. तिथला किराणा त्याच रुपयांत मोजतात, हे त्यांच्या उदाहरणात दिलेलं नव्हतं. मॉरिशसवर ही खूष होती. तिथं आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण त्यांचा रुपया आपल्या रुपयाहून वजनदार, आणि बहुतेक धान्यधुन्य जहाजानं बाहेरून येतं. शेरा: सणासुदीपुरते योग्य.

एवढ्या भानगडीत मला खरी मेख सापडली ती मात्र कुठल्या देशात नव्हती, माझ्याच पेन्शनीत होती.

माझ्या पेन्शनीला महागाईवाढ आहे. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा. जीआर यायला उशीर होतो, मग थकबाकी, मग थकबाकीची चर्चा, ते असो. ही वाढ ठरते औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. केंद्राचा लेबर ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांवरचे भाव गोळा करतो, त्यात आपलं सोलापूर आहे, नागपूर आहे. म्हणजे मी समजा चियांग माईत शहाळं पीत बसलो. तिथली वीज महागली, बाट चढला, घरमालकानं भाडं वाढवलं. मला दमडी वाढत नाही. माझी दमडी कधी वाढणार? तर सोलापुरात डाळ महागेल तेव्हा. परदेशात बसून मला रोज सकाळी देवाला हात जोडून म्हणावं लागणार: लासलगावचा कांदा चढू दे, नागपूरचं घरभाडं वाढू दे, माझ्या भावाबहिणींना तेल परवडेनासं होऊ दे. इतकं देशद्रोही पेन्शन दुसरं नसेल.

कट्ट्यावर हे मांडलं तेव्हा मास्तर म्हणाले, इंग्लंडचं याहून वाईट आहे. ते खरंय. ब्रिटनचा पेन्शनर अमेरिकेत जाऊन राहिला तर त्याची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण भारतात येऊन राहिला तर आहे त्या आकड्यावर गोठते. दीडशे वर्षं इथं राहून गेलेल्यांना आता इथं राहायचं तर वाढ बंद, असा नियम त्यांच्याच सरकारनं केलाय. मला जरा बरं वाटलं.

आणि हजेरी! थायलंडमध्ये लांब मुक्कामाला राहिलं की दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. इकडं नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. तिथं भारताचा वाणिज्य दूतावास आहे, दाखल्याची सोय होईल. पण म्हणजे थाई सरकारला वर्षातून चारदा सांगायचं की मी कुठं आहे, आणि महाराष्ट्र सरकारला एकदा सांगायचं की मी आहे. एवढी हजेरी मी नोकरीतही लावली नव्हती.

तोवर हिनं मूळ चित्रफीत पुन्हा लावली होती. त्या आजोबांचं पेन्शन दोन हजार डॉलर. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं सरासरी तेवढंच मिळतं. तिथं त्याच्यावर भागत नाही म्हणून ते थायलंडला आले. "म्हणजे ते बिचारे परवडत नाही म्हणून आलेत," ही म्हणाली. "मग परवडत नसलेल्या माणसांनी इथं यायचं आणि आपण तिकडं जायचं, असं कसं?" सक्षम प्राधिकाऱ्यानं असा प्रश्न विचारला की फाइल खाली येते.

एसटीवाले इतका वेळ गप्प होते. त्यांचं पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या योजनेतलं. पगार पंधरा हजारांपर्यंतच धरतात, त्यामुळं पस्तीस वर्षं नोकरी झाली तरी आकडा साडेसात-आठ हजारांच्या पुढं जात नाही, आणि यांना तर त्याच्याही निम्मंच मिळतं. ते म्हणाले, "साहेब, माझ्या पेन्शनीत बसणारा परदेश एकच. कागवाड."

सगळे हसले. कागवाड म्हणजे मिरजेच्या पुढं म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटकातलं पहिलं गाव. पण मला हसू येईना. मी खिशातून तक्ता काढला आणि कागवाडचा रकाना भरायला घेतला. व्हिसा: नाही. अनामत: नाही. ९० दिवसांची हजेरी: नाही. चलन: आपलंच. टीसीएस: निरंक. किराणा: तूरडाळ, चुरमुरे, कढीपत्ता सगळं उपलब्ध, बोलायला मराठी चालते. डाळ इथं महागली की तिथंही महागणार, म्हणजे माझी महागाईवाढ आणि माझी महागाई पहिल्यांदाच एका गावात नांदणार. पेट्रोल भरायला तर आमचे लोक आधीपासून हद्दीपलीकडं जातातच. राहता राहिला मुद्दा तो परदेश आहे का. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातला आहे. निकाल लागेपर्यंत परदेश धरायला हरकत नसावी, असं मी शेऱ्यात लिहिलं.

घरी येऊन तक्ता हिच्यापुढं ठेवला. तिनं बाकी काही वाचलं नाही, थेट प्रवासाचा रकाना.

"कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे ना?"

"आहे. २०२३ पासून. पण तिथला रहिवास लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं."

"निम्मं नाही? पूर्ण फुकट?"

"पूर्ण."

ती उठली, कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून स्वतःचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "पत्ता बदलायला किती दिवस लागतात हो?"

मी एसटीवाल्यांना सहज म्हणून बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमराईत कागवाडच्या घरभाड्याची तीन दरपत्रकं घेऊन हजर. तीन वेगवेगळ्या घरमालकांची, तीन वेगवेगळ्या सह्यांची, नियमाप्रमाणं. तिन्हींवरचं अक्षर एकच होतं.