विहिरीतला वळणदार दगड ज्युरासिक गोगलगाय नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सध्या मोबाईलवरून एक मजकूर फिरतो आहे. विहीर खणताना निघालेल्या, कड्यांवर कडी असलेल्या एका गोल दगडाचे छायाचित्र त्यासोबत आहे. मजकुराचे म्हणणे असे की, हा दगड म्हणजे १५ कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातील समुद्री गोगलगाय आहे. त्यावरून त्या काळी बेळगाववर समुद्र होता हे सिद्ध होते. देवघरातला शाळीग्राम हीदेखील तीच गोगलगाय. आणि जाणकारांनी नुसते छायाचित्र पाहून ही नवी जात असल्याचे सांगितले आहे. आपल्या पायाखालच्या दगडाविषयी लोकांना कुतूहल वाटते याचा मला आनंदच आहे, आणि म्हणूनच या चारही विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी काळाचा हिशेब. ज्युरासिक काळ सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि १४.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातला काळा दगड हा दख्खनच्या लाव्ह्याचा असून तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे ज्युरासिक काळ संपून जवळजवळ आठ कोटी वर्षे लोटल्यावर तो थिजला. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते, तो कलादगी मालेतला वाळूचा खडक तर प्राण्यांच्या अंगावर शंख-शिंपले येऊ लागले त्याच्याही फार आधीचा, आणि खानापूरच्या दक्षिणेकडचे धारवाडी खडक त्याहून जुने आहेत. या जुन्या खडकांच्या आणि लाव्ह्याच्या मध्ये जो ज्युरासिक काळ येतो, त्याचे पानच आपल्या जिल्ह्याच्या खडकांत नाही. त्या समुद्राचे थर भारतात पाहायचे तर कच्छला, जैसलमेरला किंवा हिमालयातल्या स्पितीला जावे लागते, आणि ज्युरासिक समुद्री गोगलगायींची शास्त्रीय वर्णने झाली आहेत तीही कच्छ-जैसलमेरच्या नमुन्यांवरून.

मग आपल्याकडे अश्मीभूत गोगलगायी मिळूच शकत नाहीत का? मिळतात, आणि त्यांची हकीकत समुद्राच्या कल्पनेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. लाव्ह्याचा एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधल्या काळात त्यावर तळी साचत, त्यांच्या तळाशी गाळ बसे आणि त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख पुरले जात. दोन लाव्ह्यांमधले असे थर गोकाक तालुक्यात ममदापूरच्या परिसरात नोंदले गेले आहेत. दख्खनच्या अशा थरांतली सर्वपरिचित गोगलगाय म्हणजे फायसा. ती ओळखायची एक साधी खूण आहे. शंखाचे टोक वर धरून मुख आपल्याकडे केले, तर बहुतेक गोगलगायींचे मुख उजव्या हाताला येते, फायसाचे मात्र डाव्या हाताला येते. (पूजेतला दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डाव्या वळणाचाच ठरतो, दोन्हीकडची मोजण्याची रीत उलटी आहे, एवढाच फरक.)

आता आकाराविषयी. आमच्या शेजारच्या काकांनीही असाच एक दगड विहिरीच्या ढिगाऱ्यातून आणून तुळशीवृंदावनापाशी ठेवला होता. तो ओल्या फडक्याने पुसून आम्ही एका कड्यावर बोट ठेवले आणि कड्याच्या वळणाने ते फिरवत नेले. बोट फिरून निघाल्या जागी परत आले. खऱ्या शंखात तसे होत नाही. तिथे बोट प्रत्येक फेऱ्यात आत, टोकाकडे सरकत जाते. काकांचा दगड हा पाणी मुरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेलेला काळा पाषाण होता. फिरत्या मजकुरातले छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्यातलीही कडी अशीच मिटलेली दिसतात.

शाळीग्रामाची गोष्ट वेगळी आहे. नेपाळातल्या गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या शाळीग्रामांत ज्युरासिक समुद्रातले प्राणी खरोखरच असतात, पण ते अमोनाइट, म्हणजे माकूल आणि अष्टपाद (ऑक्टोपस) यांचे नातलग, गोगलगायी नव्हेत. अमोनाइटचा शंख बहुधा एकाच पातळीत गुंडाळलेला असतो आणि आत पडदे असून त्याचे कप्पे पडलेले असतात. गोगलगायीचा शंख मधल्या खांबाभोवती जिन्यासारखा उतरत येतो आणि आतून सहसा अखंड पोकळ असतो.

राहिला छायाचित्रावरून जात ठरवण्याचा प्रश्न. गोगलगायीचा शंख बहुधा अॅरागोनाइटचा असतो आणि ते खनिज जमिनीत सहज विरघळते. पुष्कळदा मागे उरतो तो आत भरलेल्या गाळाचा साचा, आणि त्यावर वरच्या कवचाची नक्षी उमटलेली नसते. जात ठरते ती मात्र बारकाव्यांवर. प्ल्युरोटोमारिया या ज्युरासिक गोगलगायींच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) मुखाच्या कडेला एक खाच असते आणि शंख वाढत जाताना तिचा माग प्रत्येक वेढ्यावर पट्टीसारखा उरतो. नेरिनिया या दुसऱ्या गोगलगायीच्या वेढ्यांच्या आतल्या बाजूला घड्या असतात. त्या दिसण्यासाठी शंख उभा कापून घासावा लागतो. टोकाशी असलेला, अळीअवस्थेतला मिलिमीटरभराचा शंख टिकला असेल तर त्याचे महत्त्व सर्वांत अधिक, कारण काही कुळांत तो डावीकडे वळलेला असतो आणि पुढचे वेढे उजवीकडे वळतात. बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन शंख एवढ्या एका खुणेवरून निरनिराळ्या कुळांत जातात. यांपैकी एकही गोष्ट मोबाईलच्या छायाचित्रात दिसत नाही.

नव्या जातीचे नाव प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या नियमांनी रीतसर प्रकाशित करावे लागते. जवळच्या जातींपासून ती कशी वेगळी हे त्यात लिहावे लागते, आणि ज्या एका नमुन्यावर नाव आधारले तो कोणत्या संग्रहात ठेवला हेही सांगावे लागते. त्याआधी दगड किती फुटांवर लागला, त्याच्या वर आणि खाली काय होते, मुरूम, काळा पाषाण की पांढुरका गाळ, याची नोंद हवी. फिरत्या मजकुरात यातले काहीच नाही. विहीर कोणत्या गावची, तेही नाही.