टाळूची किल्ली

आमच्या घरात माझ्या हाती स्क्रूड्रायव्हर द्यायचा नाही, असा नियम आहे. मिक्सरचं एकदा झालं, गीझरचं दोनदा. त्याच हातात डॉक्टरीणबाईंनी किल्ली ठेवली. "रोज रात्री एक पाव फेरा. बाबांनीच द्यायचा."

कशाला? तर नऊ वर्षांच्या चिरंजीवांच्या टाळूला. वरचा जबडा अरुंद. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. टाळूच्या मधोमध हाडांची शिवण असते, ती वयात येईपर्यंत पक्की होत नाही. तोवर टाळूला बसवलेल्या स्क्रूनं उसवून घ्यायची. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. घराला एक खोली वाढवायचं मी दहा वर्षं नुसतं म्हणतोय. याच्या तोंडात बांधकाम सुरूही झालं.

पहिल्या रात्री चिरंजीव सोफ्यावर मान टाकून, बायको मोबाईलचा टॉर्च धरून, आई देवापुढे. किल्ली म्हणजे टाचणीएवढी वाकडी तार. पोरानं गिळू नये म्हणून तिचा दोरा माझ्या मनगटाला. स्क्रूच्या भोकात घालून घशाकडे ढकलायची. पुढचं भोक दिसलं तरच फेरा पुरा. मला भोक सोडून सगळं दिसत होतं: पडजीभ, दुपारची मेथी.

"आ कर."

"आआ."

"अजून!"

"बाबा, थुंकी!"

नंतर कळलं, मराठी ही टाळूवर चालणारी भाषा आहे. ट, ठ, ण, ळ म्हणायला जीभ वर जाते, तिथे स्क्रू. केळं 'केयं' झालं. आणि तेच केळं स्क्रूत अडकलं की ब्रशनं खरवडायचं कामही माझंच.

झोप उडाली म्हणून वाचत बसलो. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजेल नावाच्या दंतवैद्यानं साडेचौदा वर्षांच्या मुलीला असा स्क्रू बसवला आणि तो फिरवायचं काम तिच्यावरच सोपवलं. बापाला मध्ये घेतलंच नाही. शहाणा माणूस.

दहाव्या दिवशी पुढच्या दोन दातांत ही एवढी फट! मी हादरलो. रात्री साडेअकराला फोटो पाठवला. उत्तर आलं, "अभिनंदन! शिवण उघडली. फट आपोआप मिटेल." आई म्हणाली, "मिटवताय कशाला? फटीचे दात भाग्याचे असतात."

फेरे संपले. मधल्या जागेत हाड भरेपर्यंत स्क्रू काही महिने तसाच राहणार. बायकोनं मात्र आपणहून स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती दिला. "तुम्हाला आता जमतं की!"

गीझरचं तिसऱ्यांदा झालं.