घरघर, शंभर हर्ट्झची

जुना सँपलर कीबोर्ड बाळगणाऱ्याला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, “हे सगळं आता मोबाईलवर होत नाही का?” आणि दुसरा, “हा आवाज कसला येतोय?” पहिल्याचं उत्तर ‘होतं’ असं असल्यामुळे मी ते देत नाही. दुसऱ्यासाठी मात्र कीबोर्ड उघडावा लागला.

सँपलर म्हणजे स्वतःचा आवाज नसलेलं वाद्य. तुम्ही त्याच्यापुढे डबा आपटा, शिंका, काहीही करा. ते त्या आवाजाचे आकडे करून ठेवतं आणि तोच आवाज प्रत्येक पट्टीवर वेगळ्या सुरात ऐकवतं. १९७९ सालचा फेअरलाइट आणि १९८१ सालचा एम्युलेटर ही श्रीमंतांची खेळणी होती. १९८४ मध्ये एन्सोनिकचा मिराज आला तेव्हा सामान्य वादकालाही आठ बिटांत शिंकता येऊ लागलं. त्याची सँपलची मेमरी १२८ किलोबाइट, म्हणजे आजचा मोबाईलवरचा एक बरा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. डिस्प्ले फक्त दोन आकड्यांचा, आणि आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबाने मोजलेले! माझा कीबोर्ड त्याच पिढीतला. कंपनीचं नाव सांगत नाही. चाळीस वर्षांत कुणाचेही कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे आतले सुटे भाग, वाळतात.

आता घरघरीविषयी. भिंतीतल्या प्लगमधली वीज सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा मागेपुढे झुलते आणि कीबोर्डला हवी असते सरळ वीज. रेक्टिफायर ती एका दिशेला वळवतो, पण तिच्यात उंचवटे राहतात, सेकंदाला शंभर (म्हणजेच शंभर हर्ट्झ) किंवा एकशे वीस. ते बुजवण्याचं काम पॉवर सप्लायमधल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं. त्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा आणि रसायनात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. खाली रबरी बूच. त्या बुचाकडून वर्षानुवर्षं ओल निसटत राहते. ओल गेली की आतला रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, आणि तापला की आणखी वाळतो. शेवटी ते उंचवटे स्पीकरमधून बाहेर येतात आणि पाहुणे दुसरा प्रश्न विचारतात.

या दुरुस्तीत खरा धोका विजेपेक्षा सल्ल्याचा. “उघडलाच आहेस तर सगळेच कॅपॅसिटर बदलून टाक ना!” असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते सोल्डरिंग आयर्न स्वतः कधीच हातात घेत नाहीत. मी मोजून बदलणाऱ्यांपैकी. सिरॅमिक आणि फिल्म कॅपॅसिटरमध्ये वाळायला काही नसतंच. इलेक्ट्रोलिटिकमध्येही आधी जातात ते व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या गरम रेग्युलेटरला खेटून बसलेले, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. कोपऱ्यात थंड बसलेल्यांना उगाच का उठवायचं? शिवाय जितके काढाल तितक्या ठिकाणी बोर्डवरचं तांबं उखडण्याची संधी. अर्थात मोजणंही सोपं नाही. साधा मल्टिमीटर मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, दाखवतो आणि “प्रकृती उत्तम” म्हणतो. दुखणं असतं आतल्या रोधात, आणि त्याला ईएसआर मीटर वेगळा लागतो. म्हणजे एक यंत्र दुरुस्त करायला दुसरं यंत्र आलं. घरी त्यावर स्वतंत्र चर्चा झाली.

हात घालण्याआधी कॅपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री मीटर लावूनच करावी. बटण बंद केलं ही बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

मग काढणं. कॅपॅसिटरला पाय दोनच. धन पाय लगेच सुटला. ऋण पाय मात्र ग्राउंडच्या तांब्याच्या रुंद पट्ट्यात रोवलेला, आणि तो पट्टा आयर्नची सगळी उष्णता पिऊन वर शांत. जुनं सोल्डर, म्हणजे पाय बोर्डला चिकटवणारा मऊ धातू, वितळेना. अशा वेळी करायचं काय, तर त्यावर नवं सोल्डर घालायचं. जे काढायचं तेच आधी आणखी घालायचं, हे ऐकायला खुळचट वाटतं, पण ताजं सोल्डर आणि फ्लक्स (धातूवरचा गंज साफ करणारं रसायन) लागला की जुनंही पाघळतं. टिकली चकाकली, कडा सैल झाली, आणि त्या क्षणी उजव्या हातात आयर्न, डाव्या हातात वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप, तर बोर्ड धरायला कुणी नाही! पंप “ठक्” करून ओढतो आणि त्या ठक्कने बोर्ड जागचा हलतो. एका कॅपॅसिटरखाली गळलेलं रसायन होतं. ते तापल्यावर खोलीभर मासळीचा वास सुटला. बाहेरून लेकीने विचारलं, “बाबा, काय मेलंय?”

नवा लावताना दिशा पाहावी लागते. कॅपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो ऋण बाजूला, तर बोर्डवर खूण बहुधा धन बाजूची. दोघांनी मिळून माणसाला फसवायचं ठरवलेलं. उलटा लागला तर तो तापून फुगतो. मोठ्यांच्या टोपीवर आधीच चिरा पाडून ठेवलेल्या असतात त्या फुटायच्या वेळी नीट फुटता यावं म्हणून. इतकी दूरदृष्टी कारखान्याने खुणांच्या बाबतीत दाखवली असती तर! मायक्रोफॅरड पूर्वीइतके, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांपर्यंत चालणारा माल, असे आणले. हल्लीचे कॅपॅसिटर अंगाने बारीक, त्यामुळे बोर्डवर छापलेल्या जुन्या मोठ्या वर्तुळांत ते थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखे उभे राहिले.

पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडतात. कुठे शॉर्ट असेल तर तो भरदिवसा लख्ख पेटून राहतो. माझा बल्ब एकदा लुकलुकला आणि मंद झाला. स्पीकरमध्ये घरघर नव्हती. फ्लॉपी कुरकुरली आणि ऑपरेटिंग सिस्टीम चढली.

या फ्लॉपीवर आधीच्या मालकाने काय साठवलंय ते घरघरीमुळे कधी धड ऐकूच आलं नव्हतं. खोकला आहे. खालच्या पट्टीवर तो आजोबांचा होतो, वरच्या टोकाला तान्ह्या बाळाचा, आणि मधल्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की अख्ख्या दवाखान्याचा. फ्लॉपी पुसून टाक असं घरच्यांचं एकमत आहे. मी सध्या त्यावर यमन बसवतोय.