"इंग्रजांनी सगळं लिहून ठेवलंय" म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की एक संदेश गटागटांत फिरू लागतो: "भारतातल्या सगळ्या वनस्पती इंग्रजांनीच नोंदवून ठेवल्यात. झाडं काही चालत जात नाहीत. मग रानफुलांचे नकाशे करण्यावर पैसा कशाला? फोटो टाकले की काम झालं." सह्याद्रीत फुलं बघत फिरणाऱ्या मंडळींकडूनही तो आला, म्हणून हे लिहितेय.

इंग्रजांनी नोंदी केल्या, हे खरं. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे ७ खंड १८७२ ते १८९७ या काळात निघाले. ते मी आजही आदराने उघडते. पण वनस्पती कुठे सापडते, याचं उत्तर त्यात अनेकदा 'कोकण' किंवा 'दख्खन' एवढंच मिळतं. कोकण म्हणजे खाडीकाठ, कातळसडा (सपाट खडकाळ पठार) की घाटाचा पायथा? कड्यांवर उगवणाऱ्या शिंदळ माकुडी या दुर्मीळ वनस्पतीचंच बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ साली तिचं वर्णन केलं आणि पुढे बराच काळ ती जुन्नर-शिवनेरीचीच मानली गेली. अभ्यासक इतर डोंगरकडे धुंडाळायला लागले, तेव्हा ती सज्जनगड-महाबळेश्वराकडेही निघाली. जुनी यादी कितीही वाचली असती, तरी हे कळलं नसतं.

आता झाडं चालत नाहीत, हे. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलं. आज ते नाही असा जिल्हा शोधावा लागेल. उलट काही वनस्पती गुपचूप आक्रसत जातात आणि ते फक्त पुन्हा मोजल्यावरच दिसतं. ब्रिटनने देशाचे १० किलोमीटरचे चौकोन पाडून १९६२ साली वनस्पतींचा नकाशासंग्रह काढला, २००२ साली दुसरा आणि २०२३ साली तिसरा. बहुतेक काम हजारो हौशी स्वयंसेवकांनी केलं. निम्म्याहून जास्त देशी वनस्पतींची पीछेहाट झाल्याचं त्यातूनच समोर आलं. तसेच चौकोन भारताचे पाडले तर सुमारे ३३ हजार होतील. काम अवाढव्य आहे, म्हणूनच ते झालंय असं समजणं घातक आहे.

पैशाचं उत्तर कोकणातल्या सड्यांवर मिळतं. सातबाऱ्यावर असा कातळ 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असतो. ऑगस्टमध्ये त्याच कातळावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात. खाणीचा प्रस्ताव आला की टेबलावर सातबारा असतो, फुलांचा नकाशा नसतो.

राहिले फोटो. ते हवेतच, पण ते येतात गाडी पोचते तिथून. गवतं आणि लव्हाळे तर फोटोवरून बहुधा ओळखूच येत नाहीत, त्यांची कणसं भिंगाखाली उघडावी लागतात. शिवाय नकाशातला एखादा चौकोन रिकामा दिसला, तर तिथे वनस्पती नाही की कोणी फिरकलंच नाही, हे फोटो सांगत नाहीत. म्हणून फोटोबरोबर तारीख, गाव आणि जागा सडा आहे, ओढा आहे की बांध, एवढं लिहाच. शोधूनही जे सापडलं नाही, तेही लिहा. फक्त शिंदळ माकुडीसारखं दुर्मीळ काही दिसलं, तर नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नका, अभ्यासकांना कळवा.