मारव्यात टकटक

पाचपाखाडीतल्या आमच्या घरात शांतता मिळते ती रात्री दहानंतर. त्याआधी समोरच्या टॉवरचं ड्रिलिंग आणि वरच्यांचा मिक्सर. म्हणून दहानंतर रेकॉर्ड प्लेअरवर मारवा लावला, तर आलापातच ‘टक्… टक्…’. तबलजीने अजून हातही लावला नव्हता.

संशय आधी सुईवर, मग रेकॉर्डवर, मग माझ्या कानांवर (हा सौ.चा). आरोपी निघाली चिरंजीवांनी प्लेअरला खेटून ठेवलेली वायरलेस चार्जिंगची चकती.

“बाबा, ती 100 ते 200 किलोहर्ट्झवर चालते. माणसाला 20च्या वर ऐकूच येत नाही!”

खरंय. पण ही बया रिकामी असली तरी थोड्या थोड्या वेळाने विजेचा ठोका देऊन चाचपते, ‘आहे का कोणी?’ फोन ठेवला की तो सेकंदाला 2000 बिटांच्या वेगाने उत्तरं देतो: अजून दे, पुरे, तापलो. नवराबायकोचा हा संवाद नेमका कानाच्या टप्प्यात येतो. आणि सुई धरणाऱ्या कार्ट्रिजमध्ये असतात बारीक तारेची वेटोळी. सुईबरोबर चुंबक हलला की त्यांत जेमतेम काही मिलिव्होल्ट, ते प्रीअँप (अँप्लिफायरचा धाकटा भाऊ) शंभरेक पट फुगवतो. फॅरडेचा 1831चा नियम: चुंबकाचा जोर बदलला की वेटोळ्यात वीज. वेटोळ्याला काय कळणार, समोर खाँसाहेब आहेत की चार्जर!

“ही तर सुरुवात आहे,” चिरंजीव म्हणाले. “2007 मध्ये एमआयटीत 60 वॉटचा दिवा 2 मीटरवरून, तारेविना पेटवला.”

“त्यातली पोचली किती?” सौ.

“साधारण 40 टक्के.”

“आणि बिल शंभर टक्क्यांचं?”

तारेविना वीज पाठवायचं स्वप्न पाहणाऱ्या संशोधक टेस्लाच्या वॉर्डनक्लिफ मनोऱ्याला सावकार मॉर्गनने पुढचे पैसे नाकारले, तेव्हा त्याच्याही घरात कोणीतरी हेच विचारलं असणार. सगळ्या घरात अशी वीज खेळू लागली, तर माझ्या अँप्लिफायरची प्रत्येक वायर अँटेना होईल. त्या विजेची मेगाहर्ट्झमधली लहर एकसारखी असेल तोवर गप्प. जोर कमीजास्त झाला की अँप्लिफायरमधले ट्रान्झिस्टर, रेडिओगत, तिचं गुणगुणणं बाहेर काढणार.

उपाय सोपा: चकती लांब नेली की तिचा जोर झपाट्याने ओसरतो. पण आमच्या हॉलमध्ये ‘लांब’ म्हणजे थेट देव्हारा, आणि तिथे सौ. उभी. शेवटी चकतीची रवानगी फ्रिजवर झाली. मारवा आता स्वच्छ ऐकू येतो. त्यात कोमल रिषभ लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून हाक:

“अहो, तुमचा फोन वाजतोय!”